लॅपटॉप चालू झाल्या झाल्या आपोआप उघडणारे प्रोग्रॅम: आवरायला साधं, फुकट काही सुचवाल का?

ओलीशाई

नमस्कार. माझं काम मुद्रितशोधनाचं आहे. वर्ड, पीडीएफ आणि ब्राउझरमध्ये उघडलेले दोन-तीन शब्दकोश, याच्यापलीकडे लॅपटॉपवर मी काही करत नाही. लॅपटॉप विंडोज ११ चा, ८ जीबी रॅमचा, पण आत १ टीबीची फिरती हार्ड डिस्क आहे, एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) नाही.

त्रास असा आहे की पासवर्ड टाकला की डेस्कटॉप लगेच दिसतो, पण पुढे बराच वेळ काहीही हलत नाही. वर्डवर क्लिक केलं तर नुसतं गोल फिरत राहतं. टास्क मॅनेजरमध्ये पाहिलं तर डिस्क १०० टक्के. तेवढ्या वेळात उजव्या कोपऱ्यात एकेक चिन्ह उगवत जातं. प्रिंटरचं, स्कॅनरचं, दोन चॅट ॲपची, एका गेम लाँचरचं (भाचा सुट्टीत टाकून गेला), शिवाय लॅपटॉपबरोबरच आलेल्या कसल्या कसल्या मदतनीसांची. यातल्या एकालाही मी बोलावलेलं नाही.

टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप पानावर जाऊन काही नोंदी बंद केल्या. तरी एक चॅट ॲप रोज उघडतंच. त्या यादीत एका नोंदीचं नाव नुसतं 'प्रोग्रॅम' असं आहे, चिन्ह कोरं, कंपनीचं नाव नाही. तो व्हायरस असेल का? बाकीच्यांपैकी आवाजाचं, टचपॅडचं, सिक्युरिटीचं आणि क्लाउडचं बंद करायला धीर होत नाही, कारण माझ्या कामाच्या सगळ्या फाइली क्लाउडच्या फोल्डरमध्ये असतात.

ओळखीच्या एकाने रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) साफ करून संगणक वेगवान करणारा एक प्रोग्रॅम सुचवला. तो उतरवला. त्याने फुकट तपासणी करून शेकडो 'चुका' दाखवल्या आणि दुरुस्तीसाठी पैसे मागितले. मला तसलं काही नको आहे. काय काय सुरू होतं ते सगळं एका जागी दिसावं, नको त्याची टिक काढता यावी, आणि चुकलं तर टिक परत लावता यावी. असं काही आहे का?

तुरटी

वेगळं काहीच टाकू नका. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, स्टार्टअप ॲप्सवर जा, 'स्टार्टअप इम्पॅक्ट'च्या रकान्यात ज्यांच्यापुढे 'हाय' लिहिलंय ते बंद करा. सेटिंग्जमध्ये ॲप्सखालीही हीच यादी आहे. आणि जमेल तेव्हा एसएसडी बसवून घ्या. खरा उपाय तोच.

कडीकोयंडा

एसएसडीबद्दल तुरटी यांचं म्हणणं बरोबर आहे. पण टास्क मॅनेजरवर थांबू नका असं मी म्हणेन, कारण ओलीशाई यांनी विचारलेलं अर्धं त्या यादीत दिसतच नाही. मी एका संस्थेतले संगणक सांभाळतो. नवं यंत्र हाती आलं की सगळ्यात आधी मी ही यादी वाचतो, पूर्ण, वरपासून खालपर्यंत. आपल्या संगणकावर आपल्याला न विचारता काय सुरू होतं हे मालकाला वाचता आलं पाहिजे, याबाबत माझं मत फार ठाम आहे. म्हणून जरा लांब लिहितो.

आधी तो रजिस्ट्री साफ करणारा प्रोग्रॅम काढून टाका, आजच. रजिस्ट्रीत जुन्या नोंदी पडून राहिल्याने संगणक मंदावत नाही. लाखो नोंदींच्या त्या साठ्यात ज्या नोंदीला कोणी हातच लावत नाही, तिचा भार कोणावर पडणार? उलट नको ती नोंद उडाली तर विंडोज सुरूच न होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. असल्या प्रोग्रॅमना आपला पाठिंबा नाही, हे मायक्रोसॉफ्टनेही लेखी सांगितलेलं आहे. शिवाय तुमच्या स्टार्टअपच्या यादीत नीट पाहा, तो स्वतःच तिथे येऊन बसलेला असण्याची शक्यता आहे.

तुम्हाला हवं आहे त्याचं नाव ऑटोरन्स. मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल या दोघांनी १९९६ मध्ये विंडोजच्या आतलं उलगडून दाखवणारी छोटी हत्यारं फुकट द्यायला सुरुवात केली. पुढे त्या संचाला सिसइंटर्नल्स हे नाव मिळालं. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो सगळा संच विकत घेतला, पण हत्यारं फुकटच राहिली. म्हणून ऑटोरन्स घ्यायचं ते मायक्रोसॉफ्टच्या साइटवरच्या सिसइंटर्नल्सच्या पानावरूनच. डाउनलोडच्या इतर साइट्सवरून घेऊ नका, तिथे सोबत दुसरं काय चिकटून येईल सांगता येत नाही. छोटी झिप फाइल आहे. इन्स्टॉल करावं लागत नाही, जाहिरात नाही, आणि ते स्वतः स्टार्टअपमध्ये जाऊन बसत नाही. झिप उघडून 'ऑटोरन्स६४' नावाच्या फाइलवर राइट क्लिक करा आणि 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडा. ॲडमिनिस्ट्रेटर नसेल तर बऱ्याच नोंदी नुसत्या दिसतील, बदलता येणार नाहीत.

आता टास्क मॅनेजर का पुरत नाही ते सांगतो. विंडोजमध्ये आपोआप सुरू होण्याचं दार एक नाही, बरीच आहेत. स्टार्टअप नावाचं फोल्डर, तेही दोन, एक तुमचं आणि एक त्या यंत्रावरच्या सगळ्या खात्यांचं. रजिस्ट्रीत 'रन' नावाच्या जागा, एक तुमच्या खात्यापुरती, एक सगळ्या यंत्राची, आणि ३२ बिटच्या जुन्या प्रोग्रॅमसाठी आणखी एक वेगळी. टास्क मॅनेजर एवढंच दाखवतो, फार तर स्टोअरमधल्या ॲपची भर. पण 'लॉगऑन झाल्यावर हे चालव' असं टास्क शेड्यूलरमध्येही (ठरल्या वेळी प्रोग्रॅम चालवणारी विंडोजची सोय) लिहून ठेवता येतं. सर्व्हिस म्हणून, म्हणजे खिडकी न दाखवता मागे चालणारा प्रोग्रॅम म्हणून, तर लॉगऑनच्याही आधी सुरू होता येतं. फाइल एक्सप्लोररच्या राइट क्लिकच्या मेनूमध्ये घुसता येतं, मग एक्सप्लोररबरोबर तेही लोड होतं. ऑटोरन्स ही सगळी दारं एका खिडकीत दाखवतं.

उघडल्यावर यादी एवढी लांब असते की माणूस दबकतो. म्हणून काहीही करण्याआधी ऑप्शन्स मेनूत जाऊन 'हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज'वर टिक करा. यादी एकदम आटोपशीर होईल, आणि ज्यांना हात लावल्याने लॉगऑनच होणार नाही अशा नोंदी डोळ्यांसमोरूनच जातील. विनलॉगॉनखालची 'यूजरइनिट' ही त्यातलीच एक. ती गेली तर पासवर्ड टाकूनही डेस्कटॉप येत नाही. नवख्या माणसाने ही टिक कधीच काढू नये.

मग त्याच मेनूत स्कॅन ऑप्शन्समध्ये 'व्हेरिफाय कोड सिग्नेचर्स' चालू करा. ऑटोरन्स प्रत्येक फाइलची डिजिटल सही तपासून पाहील. तुमच्या डिस्कवर याला वेळ लागेल, लागू द्या. झालं की रंग पाहा. पिवळी ओळ म्हणजे नोंद आहे पण तिने सांगितलेली फाइल जागेवर नाही. गुलाबी म्हणजे कोणी बनवली ते कळत नाही किंवा सही पटत नाही. गुलाबी दिसली की लगेच व्हायरस समजू नका, छोट्या कंपन्या आणि एकटे प्रोग्रॅमर पुष्कळदा सही करत नाहीत. पण ती ओळ थांबून वाचा.

तुमची ती 'प्रोग्रॅम' नावाची नोंद ऑटोरन्समध्ये बहुतेक पिवळी निघेल. होतं असं की रजिस्ट्रीत लिहिलेल्या रस्त्यात 'प्रोग्रॅम फाइल्स' हे फोल्डर येतं, त्या दोन शब्दांत मोकळी जागा असते, रस्त्याला अवतरण चिन्हं घातलेली नसतात, आणि मूळ सॉफ्टवेअर केव्हाच काढून टाकलेलं असतं. मग टास्क मॅनेजरला त्यातला पहिला शब्द तेवढा सापडतो आणि तो तेच नाव म्हणून लावतो. खात्री करायची असेल तर टास्क मॅनेजरच्या त्याच पानावर रकान्यांच्या नावांवर राइट क्लिक करून 'कमांड लाइन' हा रकाना चालू करा. पूर्ण रस्ता दिसेल, आणि कोणाचा ते कळेल.

चॅट ॲप बंद करूनही उघडतं, त्याला तीन कारणं असू शकतात. एक, ते टास्क शेड्यूलरमधून येतं. ऑटोरन्समध्ये 'शेड्यूल्ड टास्क्स'च्या पानावर पाहा. दोन, सेटिंग्जमध्ये अकाउंट्सखाली साइन-इन ऑप्शन्समध्ये एक पर्याय असतो, बंद करताना उघडी असलेली ॲप पुढच्या साइन-इनला परत उघडायची. तो चालू असेल तर स्टार्टअपच्या कुठल्याही यादीत नाव नसलं तरी ॲप उघडतं. हे लोकांच्या लक्षातच येत नाही. तीन, ॲपच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये 'संगणकाबरोबर सुरू हो' अशी टिक आहे आणि ते प्रत्येक वेळी आपली नोंद पुन्हा लिहून ठेवतं. म्हणून माझा क्रम ठरलेला असतो. आधी ॲपच्या आतली टिक काढायची. ती सापडली नाही तर टास्क मॅनेजर. तिथेही नाव नसेल तर ऑटोरन्स.

या क्रमाला कारण आहे. टास्क मॅनेजरमध्ये बंद केलं की रनमधली नोंद जागीच राहते, फक्त 'ही बंद आहे' असं दुसऱ्या जागी त्या नावाने लिहिलं जातं. ॲपने तीच नोंद त्याच नावाने परत लिहिली तरी ती बंदच राहते. ऑटोरन्समध्ये टिक काढली की नोंद तिथून उचलून 'ऑटोरन्स डिसेबल्ड' नावाच्या शेजारच्या कप्प्यात ठेवली जाते. टिक परत लावली की ती जागेवर येते, तुम्हाला हवं होतं तसंच. पण मधल्या काळात ॲप अपडेट झालं आणि त्याने नवी नोंद लिहिली, तर यादीत एकाच्या दोन ओळी दिसतात, एक टिक काढलेली आणि एक टिकसह. तेव्हा गोंधळू नका. एकच नोंद मात्र दोन्हींकडून बंद करायला जाऊ नका, नंतर ती कुठून चालू करायची ते शोधत बसावं लागतं.

शेवटचं पण फार महत्त्वाचं. टिक काढा, डिलीट करू नका. ऑटोरन्समध्ये डिलीट केलेलं परत आणण्याचं बटण नाही. आणि पहिली टिक काढण्याआधी फाइल मेनूतून सगळी यादी सेव्ह करून ठेवा. पुढे कधी काही बिनसलं तर त्याच मेनूतला 'कम्पेअर' वापरून जुनी यादी उघडायची, नव्याने आलेल्या नोंदी हिरव्या दिसतात. हे एकच वैशिष्ट्य असतं तरी मी ऑटोरन्स ठेवलं असतं.

ओलीशाई

कडीकोयंडा, तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. दुपारी बसून सगळं केलं.

तो साफ करणारा प्रोग्रॅम खरंच स्टार्टअपमध्ये होता आणि शेड्यूल्ड टास्क्समध्येही. अनइन्स्टॉल केला. 'प्रोग्रॅम' पिवळी निघाली. कमांड लाइनमध्ये पूर्वीच्या स्कॅनरच्या सॉफ्टवेअरचा रस्ता आहे, तो स्कॅनर आता घरातही नाही. चॅट ॲपचं कारण तुमचं दुसरं निघालं, साइन-इन ऑप्शन्समधलं. ते मी आयुष्यात शोधलं नसतं.

आता विचारायचं ते उरलेल्यांबद्दल. मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवूनही शेड्यूल्ड टास्क्समध्ये 'अपडेट' नावाच्या खूप ओळी आहेत, ब्राउझरच्या, पीडीएफ वाचकाच्या, लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या. सर्व्हिसेसमध्येही तसंच. त्या सगळ्या काढू का? आणि आवाज, टचपॅड, सिक्युरिटी, क्लाउड यांचं काय करू? एक ओळ गुलाबी आहे. ती माझ्या शब्दकोशाच्या ऑफलाइन प्रोग्रॅमची आहे, तो एका माणसाने हौसेने बनवलेला आहे.

कडीकोयंडा

गुलाबी ओळीचा उगम तुम्हाला ठाऊक आहे, मग काळजी नाही. तो प्रोग्रॅम स्टार्टअपला हवा का एवढंच ठरवा. तुमच्या कामात शब्दकोश सतत लागतो, तर राहू द्या. यादी रिकामी करणं हा हेतूच नाही. हवं ते आधीपासून तयार असावं म्हणूनच तर स्टार्टअप आहे.

ब्राउझर आणि पीडीएफ वाचकाच्या अपडेटला हात लावू नका. हे दोन प्रोग्रॅम बाहेरून आलेल्या फाइली उघडतात, त्यांच्यातली भोकं बुजवली जाणं फार गरजेचं आहे. थोडी गती मिळवण्यासाठी सुरक्षितता द्यायची नाही. आणि ती टास्क थोडाच वेळ चालतात. 'ट्रिगर' कधीचा आहे ते टास्क शेड्यूलरमध्ये पाहा. लॉगऑनचा असेल तर ट्रिगरमध्ये 'डिले' देता येतो, म्हणजे डिस्क मोकळी झाल्यावर ते चालेल. लॅपटॉपच्या कंपनीच्या नोंदींपैकी बायोस (यंत्र सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) आणि ड्रायव्हर (यंत्राचे भाग विंडोजशी जोडणारं सॉफ्टवेअर) यांचं अपडेट सांगणारी ठेवा, वॉरंटी विकत घ्या म्हणून आठवण करून देणारी खुशाल काढा.

सर्व्हिसच्या बाबतीत ऑटोरन्समधून टिक काढणं म्हणजे ती पूर्ण बंद करणं. त्यापेक्षा विंडोजच्या सर्व्हिसेसच्या खिडकीत जाऊन तिचा प्रकार 'ऑटोमॅटिक'वरून 'ऑटोमॅटिक डिलेड स्टार्ट' करा, म्हणजे ती सुरुवातीच्या गर्दीत उतरत नाही, थोड्या वेळाने सुरू होते. किंवा 'मॅन्युअल' करा, लागेल तेव्हा बऱ्याच सर्व्हिस सुरू केल्या जातात. प्रिंटरच्या कंपनीच्या सर्व्हिसला मॅन्युअल बहुतेक चालतं. पण 'प्रिंट स्पूलर' ही विंडोजची स्वतःची सर्व्हिस आहे, ती बंद झाली तर छपाईच होणार नाही.

आवाजाच्या नोंदीचं काम बहुतेक वेळा इअरफोन जोडल्यावर खिडकी दाखवण्याचं आणि इक्वलायझरचं असतं. आवाज येतो तो ड्रायव्हरमुळे. काढून पाहा, आवडलं नाही तर परत लावा. टचपॅडचं मात्र राहू द्या. काही लॅपटॉपवर दोन-तीन बोटांच्या हालचाली त्या प्रोग्रॅमवर अवलंबून असतात, आणि तुम्ही दिवसभर पानं वरखाली करता.

'सिक्युरिटी हेल्थ' म्हणजे कोपऱ्यातलं ढालीचं चिन्ह. ते बंद केल्याने विंडोजचं संरक्षण बंद होत नाही, नुसतं चिन्ह जातं. पण जागा इतकी कमी खातं की ते काढून मिळवायचं काय? असू द्या, इशारा डोळ्यांना दिसत राहील.

क्लाउड मात्र जपून. ते स्टार्टअपमधून काढलं की तुम्ही स्वतः उघडेपर्यंत सिंक होणार नाही. सकाळभर काम करून फाइल पाठवली असं तुम्हाला वाटेल आणि क्लाउडमध्ये कालचीच प्रत असेल. मुद्रितशोधन करणाऱ्यासाठी याहून वाईट काय? ठेवा.

आणखी एक, कुठल्या तरी यादीत 'सीटीएफमॉन' काढा असा सल्ला वाचायला मिळेल. जुन्या विंडोजच्या काळापासून फिरतो आहे. तो ऐकू नका. कीबोर्डच्या भाषा आणि मजकूर टाइप करण्याची यंत्रणा त्याच्या हाती असते. विंडोज १० आणि ११ मध्ये ते बंद पडलं की स्टार्ट मेनूच्या शोधात अक्षरही उमटत नाही, असं होतं. आपण देवनागरीत टाइप करणाऱ्यांनी तर त्याच्या वाटेला जाऊच नये.

उत्तररात्र

मोजल्याशिवाय यातलं काही करू नये असं माझं मत. टास्क मॅनेजरचा 'इम्पॅक्ट' ढोबळ आहे. सुरू होताना १ सेकंदाहून जास्त सीपीयू किंवा ३ एमबीहून जास्त डिस्क वापरली की 'हाय', ३०० मिलिसेकंद आणि ३०० केबी यांच्या आत राहिलं की 'लो', मधलं ते 'मीडियम'. आजच्या काळात ३ एमबी म्हणजे काहीच नाही, त्यामुळे अर्धी यादी 'हाय' दिसते. तुरटींनी सांगितल्याप्रमाणे सरसकट 'हाय' बंद केलं तर क्लाउडही जाईल.

खरा आकडा इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या घडामोडींच्या नोंदवहीत, आहे. ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मग मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नोस्टिक्स-परफॉर्मन्स, ऑपरेशनल. तिथे १०० क्रमांकाची नोंद म्हणजे एक बूट, यंत्र एकदा सुरू होणं. तिच्या तपशिलात 'मेन पाथ' म्हणजे डेस्कटॉप येईपर्यंतचा वेळ आणि 'पोस्ट बूट' म्हणजे त्यापुढे यंत्र शांत होईपर्यंतचा, दोन्ही मिलिसेकंदांत. ओलीशाईंचा त्रास सगळा दुसऱ्या आकड्यात असणार. १०१ क्रमांकाची नोंद असेल तर कोणत्या प्रोग्रॅमने बूट रखडवलं त्याचं नावच लिहिलेलं असतं.

आणि मोजताना 'रीस्टार्ट' करा, 'शट डाउन' नको. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आला, त्यात शट डाउन करताना विंडोजच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवतात आणि पुढच्या वेळी तीच उचलतात. म्हणजे ते पुरतं बंद होणं नव्हेच. पडताळायचं तर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर सीपीयूखाली 'अप टाइम' पाहा. रोज रात्री शट डाउन करूनही तिथे कितीतरी दिवस दिसतील.

तुरटी

क्लाउडचा मुद्दा मान्य, 'हाय' तेवढे सरसकट बंद करा असं मी म्हणायला नको होतं. पण एक विचारतो. इतकी खटपट करून फिरत्या डिस्कवर फरक पडतो का? एसएसडीवर हे सगळं जाणवतच नाही.

कडीकोयंडा

फरक सगळ्यात जास्त फिरत्या डिस्कवरच पडतो. ५४०० आरपीएमची (मिनिटाला ५४०० फेरे) तबकडी एक फेरा घ्यायला ११ मिलिसेकंद घेते. हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, शिवाय डोकं त्या पट्ट्यापर्यंत सरकायला लागणारा वेळ वेगळा. म्हणजे विखुरलेल्या जागांवरचं वाचन सेकंदाला शंभरही होत नाही. साध्या एसएसडीला सेकंदाला हजारोंनी वाचता येतं. एकटा प्रोग्रॅम सलग फाइल वाचत असेल तर तबकडी ठीक चालते. पण लॉगऑनला दहा-बारा जण एकदम मागायला लागले की डोकं इकडून तिकडे धावण्यातच वेळ घालवतं, आणि म्हणून टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के असते पण वाचनाचा वेग पाहाल तर अगदी थोडे एमबी. ओलीशाई, तुमच्याकडे हेच चालू होतं. त्यातले निम्मे काढले तरी उरलेल्यांचं काम निम्म्याहून कितीतरी कमी वेळात होतं.

आमच्या संस्थेत टंकलेखनाच्या खोलीतली यंत्रं बराच काळ फिरत्या डिस्कवर होती. एका यंत्रावर सकाळचा पंखा थांबायचा नाही. टास्क मॅनेजरची यादी स्वच्छ होती, सगळे म्हणाले यंत्र म्हातारं झालं. ऑटोरन्सने शेड्यूल्ड टास्क्समध्ये एका जुन्या लेबल छापणाऱ्या यंत्राच्या सॉफ्टवेअरची ओळ दाखवली. ती लॉगऑन झाल्यावर सगळी डिस्क चाळून टेम्प्लेट शोधायची. लेबलचं यंत्र केव्हाच मोडीत गेलं होतं. ती टिक काढल्यावर ते यंत्र पुढे कितीतरी काळ कामात राहिलं. डिस्क बदलायला पैसे नाहीत अशा ठिकाणी या एका टिकेचं मोल मी पाहिलेलं आहे, म्हणून एवढं लिहितो.

आणि ब्राउझरकडेही पाहा. बऱ्याच ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये 'बंद केल्यावरही मागे चालू राहा' अशी सोय असते. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये 'स्टार्टअप बूस्ट' असतो, त्यामुळे तुम्ही न उघडताही त्याचा काही भाग सुरू राहतो. वेगवान यंत्रावर ठीक आहे, ८ जीबी आणि फिरत्या डिस्कवर मी बंद ठेवतो.

ओलीशाई

उत्तररात्र यांनी सांगितल्याप्रमाणे आधी रीस्टार्ट करून आकडा पाहिला. 'पोस्ट बूट' २,१०,००० मिलिसेकंदांच्या वर होता, म्हणजे साडेतीन मिनिटं. १०१ ची नोंदही होती, गेम लाँचरच्या नावाने.

मग टिका काढल्या, एकेक करून आणि मध्ये मध्ये रीस्टार्ट करत. गेम लाँचर काढला. प्रिंटरची शाई किती उरली ते सांगणारा काढला, त्याची सर्व्हिस मॅन्युअल केली आणि एक पान छापून पाहिलं, छापतं. लॅपटॉपच्या कंपनीच्या नोंदींपैकी वॉरंटीची काढली, ड्रायव्हरची ठेवली. एका चॅट ॲपच्या आतली टिक काढली, दुसरं संपादकांशी बोलायला लागतं म्हणून ठेवलं. पीडीएफ वाचकाच्या अपडेटला दहा मिनिटांचा डिले दिला. क्लाउड, टचपॅड, ढाल आणि शब्दकोश जागेवर आहेत. एजचा बूस्ट बंद केला. ऑटोरन्सची आधीची आणि नंतरची यादी सेव्ह केली आहे, क्लाउडमध्येच.

आता 'पोस्ट बूट' ८०,००० च्या आसपास येतो. वर्ड उघडतो आणि उघडल्यावर लगेच लिहिता येतं. भाच्याला फोन करून सांगितलंय की त्याचा गेम आहे तिथेच आहे, फक्त आता तो स्वतः क्लिक करेल तेव्हाच उघडेल.

एक राहिलं. ती पिवळी 'प्रोग्रॅम' ओळ डिलीट केली तर चालेल ना? तिची फाइलच नाही.

कडीकोयंडा

ती खुशाल करा. फाइल नाही, यंत्रही घरात नाही, आणि यादी तुम्ही सेव्ह केलेली आहे. त्या ओळीवर राइट क्लिक करून 'जंप टू एंट्री' निवडलं तर रजिस्ट्रीतली नेमकी जागा उघडेल, मिटवण्याआधी एकदा डोळ्यांनी पाहून घ्या. स्कॅनरच्या त्याच कंपनीची एखादी सर्व्हिस किंवा टास्क मागे उरलंय का तेही शोधा, ऑटोरन्सच्या वरच्या फिल्टरच्या चौकटीत कंपनीचं नाव टाकलं की सगळ्या पानांवरच्या ओळी एकत्र येतात.